रियामच्या डोंगरावरचा झेंडा

गजभियांच्या मते डोंगरातली पायवाट माणसासारखीच रात्री झोपते, आणि सकाळी तिला जाग यायला वेळ लागतो. झोपेत तिच्या अंगावर पाय दिलेला तिला खपत नाही. म्हणून कुठल्याही चढणीच्या पायथ्याशी पोचलं की गजभिये आधी एक बसण्याजोगा धोंडा शोधतात. बुटांच्या नाड्या सैल करतात, पिशवीतून लबानची बाटली काढतात (लबान म्हणजे इथलं, ओमानमधलं दाट ताक), दोन घोट घेतात आणि समोर बघत राहतात. आपण विचारावं, "निघायचं ना?" की त्यांचा हात वर होतो.

"थांबा ना वहिनी. उठली नाही अजून."

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रियामला गेले तेव्हा मला याची काहीच कल्पना नव्हती. मस्कतमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा, म्हणजे माझ्या झोपेचा दिवस. पण सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोणी "चला" म्हटलं की तो आधी बूट घालतो आणि मग कुठे जायचंय ते विचारतो. तर भल्या पहाटे उठून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी त्या पायथ्याशी उभी होते, आणि हे गृहस्थ दगडावर बसून डोंगराला जाग येण्याची प्रतीक्षा करत होते. मी तरी कुठे उठलेय, असं मला विचारायचं होतं. पण ओळख नवी होती, म्हणून गप्प बसले.

समोर नुसता तपकिरी डोंगर. झाड नाही, गवत नाही, वाट तर नाहीच नाही. मागे समुद्रावर धुकं होतं आणि त्यात एक जहाज निम्मं बुडाल्यासारखं उभं होतं. कुठल्याशा घरातून लोबानाचा वास येत होता. मग हळूहळू उजेड माथ्यावरून खाली उतरायला लागला. एक शेळी ओरडली. आणि मला कबूल करायला आवडत नाही, पण अगदी बघता बघता त्या कोऱ्या डोंगरावर एक बारीक रेघ उमटली. वर्षानुवर्षं माणसांनी आणि गाढवांनी घासलेले दगड तिरप्या उन्हात चकाकायला लागले होते. आत्तापर्यंत नव्हती ती वाट आता पायांपासून थेट खिंडीपर्यंत गेलेली दिसत होती.

"हां," गजभिये नाड्या बांधत म्हणाले, "झाली जागी. यल्ला, चला."

मस्कतच्या हमरिया भागात आमच्या समोरच्या दारात ते राहतात. खाली शिंप्याचं दुकान, त्याच्या शेजारी लोणची-पापड, त्याच्या शेजारी मोबाइल दुरुस्ती, आणि वर आम्ही सगळे. गजभिये मूळचे नागपूरचे. उंच, किडकिडीत, पन्नाशीच्या आसपासचे. चालताना थोडे पुढे झुकतात, जणू समोरचा माणूस हळू बोलतोय आणि यांना ऐकायचंय. एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ते रस्त्यांची आखणी करतात. आठवडाभर आठ पदरी रस्ते, उड्डाणपूल, गोल चौक काढायचे आणि शुक्रवारी त्या सगळ्याकडे पाठ फिरवून पायवाटेला लागायचं, असा त्यांचा क्रम.

मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्हीच बांधलेल्या रस्त्यांचा एवढा राग का?"

"राग कायचा? पण रस्ता म्हणजे आपण डोंगराला दिलेली ऑर्डर असते, वहिनी. डायनामाइट लावला, खलास. पायवाट म्हणजे बोलाचाली. डोंगर म्हणाला इकडून नको, तर माणूस तिकडून गेला. कोणाचाच अपमान नाही."

लग्न त्यांनी केलेलं नाही. का, असं विचारलं तर "अलाइनमेंट जुळली नाही" एवढंच सांगतात. त्याहून जास्त विचारायची सोय नाही, कारण लगेच ते तुम्हाला खायला देतात. त्यांचा डबा ही एक वेगळीच चीज आहे. ओमानी खुबूस, म्हणजे इथली बेकरीतली पोळी, आणि तिच्यात नागपुरी मिरचीचा ठेचा. एकदा खाल्ला की पुढचा अर्धा तास कुठलाही खाजगी प्रश्न सुचत नाही.

शिवाय ते वाटा लिहून देतात. म्हणजे कागदावर नव्हे, वैद्य औषध देतो तशा, तोंडी. मस्कतला नवा मराठी माणूस आला आणि तो गजभियांच्या नजरेस पडला की ते त्याला दोन मिनिटं न्याहाळतात आणि निदान करतात. कोणाला वादी शाबचं पाणी मानवेल, कोणाला जबल अख्दरच्या डाळिंबाच्या बागांमधून फिरवायला हवं, हे ते चेहरा बघून सांगतात. अझैबात राहणाऱ्या एका भांडखोर जोडप्याला त्यांनी जबल शम्सच्या कड्यालगतची वाट दिली होती. "तिथं दोघं बाजूबाजूनं चालूच शकत नाही. एक पुढं, एक मागं. आणि खाली एवढी खोल दरी, का बोलायची हिंमत होत नाही." ते जोडपं परत आल्यावर निम्म्या आवाजात बोलायला लागलं असं गजभिये सांगतात. मला ते अझैबातले लोक ठाऊक आहेत. त्यांचा आवाज होता तेवढाच आहे.

मला त्यांनी रियामची वाट दिली. रियामहून चढायचं, खिंडीतून पडक्या वस्तीपाशी जायचं आणि वादीतून, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, मत्राहच्या बाजाराच्या मागे उतरायचं. "तुम्हाला लांबचं झेपणार नाही. आणि उतरल्यावर खरेदी लागते." निदान चुकलं असं मला म्हणता येईना.

त्या पहिल्या दिवशीच एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. इथल्या वाटांवर खूण म्हणून दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात: पिवळा, पांढरा, लाल. चुकल्यासारखं वाटलं की पुढचा पट्टा शोधायचा. आम्ही पट्टा दिसला की "हुश्श" म्हणत होतो. गजभिये मात्र प्रत्येक पट्ट्यापाशी किंचित थांबत, उजवा हात छातीशी नेत आणि मान लववून पुढे जात. ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यात भेटल्यावर करतात तसा नमस्कार. मी आणि सतीशनं एकमेकांकडे पाहिलं. सतीशनं डोळ्यांनीच सांगितलं, विचारू नकोस. मी अर्थातच विचारलं.

"सवय आहे," ते म्हणाले आणि डबा काढला.

खरी हकिगत कळायला पुढचा हिवाळा यावा लागला. तोपर्यंत मी रियामची वाट इतक्यांदा चढले होते की मलाही शुक्रवारी आपोआप जाग यायला लागली होती. त्या दिवशी वर खिंडीत आम्ही तिघं बसलो होतो. खाली मत्राहचं बंदर, त्यात बोटी, आणि समुद्र इतका स्वस्थ की त्याच्याकडे बघून माणसाला आपण कुठल्या गावचे हे क्षणभर आठवू नये. अशा जागी माणसं बोलतात.

गजभिये दहा-बारा वर्षांपूर्वी मस्कतला आले, तेव्हा हमरियातल्याच एका खोलीत राहत. खोलीतली बाकीची माणसं केरळची. भली, पण आपापसांत बोलणारी. ऑफिसात इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, साइटवर अरबी. मराठी बोलायला कोणी नाही. पहिल्या शुक्रवारी करायला काही नव्हतं, म्हणून मत्राहहून समुद्राच्या कडेनं चालत सुटले आणि रियामला पोचले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एका खडकावर त्यांना पट्टे दिसले. पिवळा, पांढरा, लाल.

"वहिनी, मी जागच्या जागी उभा राहिलो."

मला कळेना. रंगाच्या पट्ट्यात उभं राहण्यासारखं काय आहे?

"आमचा झेंडा असतो ना, पंचशील. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. आमच्या वस्तीत भिंतीभिंतीवर रंगवलेला असतो. ऊन लागलं का निळा पहिल्यांदा उडतो. मग केशरी. मला वाटलं, आपलं कोणीतरी इथं आलेलं आहे. त्यानं झेंडा काढला, आणि मस्कतच्या उन्हानं दोन रंग खाल्ले."

"पण आम्हाला कधी तसं वाटलं नाही," मी म्हणाले.

"तुम्ही शोधत नव्हत्या ना, वहिनी," ते अगदी साधेपणानं म्हणाले.

पुढची गोष्ट अशी, की गजभिये आधी डोंगर चढले नाहीत. आधी ते फोनच्या बूथवर धावले. नागपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला बोलावून घेतलं. मुलगा परमुलखात गेला, तिथे आपलं माणूस नाही, म्हणून त्या माउलीनं त्याला निरोप देताना तोंडात पदर कोंबला होता. तिला यांनी सांगितलं, "आई, इथं डोंगरावर आपला झेंडा आहे. म्हणजे वर विहार असणार. मी आत्ता तिकडंच चाललो." आणि मग चढले. एक पट्टा, दुसरा पट्टा, प्रत्येक पट्ट्यानिशी पाय हलका. शेवटी वर पोचले तर पडक्या घरांच्या भिंती आणि एक शेळी.

"मी तरी दुपारपर्यंत बसून राहिलो," ते म्हणाले. "म्हटलं, वंदनेला कोणी येईल."

उतरल्यावर मत्राहच्या चहावाल्यानं सांगितलं, की ते पट्टे सरकारनं फिरायला येणाऱ्यांसाठी मारलेत. गजभियांनी ठरवलं, पुढच्या फोनमध्ये आईला सांगून टाकायचं. पण पुढच्या फोनमध्ये ते तोंड उघडायच्या आत आईच बोलली. म्हणाली, "तू गेला तवापासून माह्या डोळ्याले डोळा नव्हता. झेंड्याचं ऐकलं अन् मंग झोपली."

"आता सांगा वहिनी. कसं सांगायचं होतं?"

तेव्हापासून दर आठवड्याला आईचा एकच प्रश्न: झेंड्यापाशी जाऊन आला का? आणि गजभिये पाच शीलं मनापासून पाळणारा माणूस. खोटं न बोलणं हे त्यातलं चौथं. ते एकदा मोडलं गेलं, पण दर आठवड्याला ताजं मोडायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते दर शुक्रवारी खरोखरच त्या पट्ट्यांपाशी जाऊ लागले. "जाऊन आलो" हे तरी खरं असावं म्हणून. पुढे त्या जाण्याचीच गोडी लागली, मग दुसरे डोंगर आले, वाटेची झोप आणि जाग आली, निदानं आली. सबंध गजभिये त्या एका फोनमधून निघाले होते.

मी हसत होते, आणि हसता हसता मी डोळे पुसले. ठेच्यामुळे, असं मी सतीशला सांगितलं.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. एका संध्याकाळी गजभिये आमच्या दारात उभे. चेहरा असा, की मला वाटलं कंपनीनं काढून टाकलं.

"आई येऊन राहिली आहे," ते म्हणाले.

"अरे वा! मग?"

"विहार पाहायला येऊन राहिली आहे."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. इतकी वर्षं आई यायचं नाव काढत नव्हती. "तिथं आपले लोक हायत ना तुह्यासंग, मंग मी येऊन काय करू," असं म्हणायची. आता पुतण्यानं पासपोर्ट काढून दिला होता आणि तिनं आपणहून ठरवलं होतं, की डोळे मिटायच्या आत परदेशातला विहार बघायचा. सगळ्या वस्तीला सांगून झालं होतं.

"सांगून टाका," मी म्हटलं. माझ्यासारख्या पुण्याच्या बाईला असे सल्ले चटकन सुचतात. "विमानतळावरच सांगा. आई आहे, रागावेल, मग हसेल."

"विहार नाही म्हटल्यावर तिला काही वाटणार नाही, वहिनी. बांधू म्हणेल. पण मी इथं एकटा होतो, हे तिला कळंल." त्यांनी रिकामं भांडं टेबलावर ठेवलं. "ते कळू द्यायचं नव्हतं. तेवढंच एक होतं."

"तरी सांगा."

"सांगतो. इन्शाल्ला."

आखातात राहणाऱ्यांना या शब्दाचा तो सूर माहीत असतो. नळ दुरुस्त करणारा "उद्या येतो, इन्शाल्ला" म्हणतो तेव्हा शहाणी माणसं बादल्या भरून ठेवतात.

गजभियांच्या आई, गयाबाई, आल्या. लहानखुऱ्या, काळ्यासावळ्या, पांढरं शुभ्र लुगडं आणि हातात एक कापडी पिशवी, जी त्यांनी कोणालाही धरू दिली नाही. पिशवीत मेणबत्त्या होत्या, उदबत्त्या होत्या आणि प्लास्टिकमध्ये नीट घडी करून ठेवलेला एक नवाकोरा झेंडा होता. वस्तीतल्या बायांनी मिळून शिवलेला. इकडचा जुना उन्हानं विटला असेल, म्हणून.

झेंडा त्यांनी मला माझ्या स्वयंपाकघरात उलगडून दाखवला. ओट्यावर भाजी चिरून ठेवली होती, ती आधी त्यांनी बाजूला करायला लावली. "शिलाई पाह्य. चार जणींचा हात हाय याच्यात," त्या म्हणाल्या. "माह्या पोराच्या गावात डोंगरावर विहार हाय, असं मी सांगतो तं बाया मले सभेत पुढं बसवते." दारात उभ्या असलेल्या गजभियांकडे मी पाहिलं. ते छताकडे बघत होते.

तो सबंध आठवडा त्यांनी आईला मस्कत दाखवलं. मॉल दाखवला, गयाबाई म्हणाल्या, "येवढे लोक घरी काऊन नाही राहत?" मोठमोठे रस्ते दाखवले, हे मी आखले म्हणून सांगितलं. "बरे हायत," त्या म्हणाल्या, "पण चालते कोन याच्यावर?" मुलगा कोणावर गेलाय ते मला तेव्हा कळलं. आणि रोज संध्याकाळी त्यांचा प्रश्न: शुक्रवार कधी हाय?

गुरुवारी गजभिये पुन्हा आमच्या दारात. अजून सांगितलेलं नव्हतं. पण एक योजना होती, आणि त्या योजनेत मुख्य काम माझं होतं.

"वहिनी, तुम्ही दमा."

"म्हणजे?"

"वाटेत. पहिल्या चढालाच. तुम्ही दमल्या का मी म्हणीन, आई, वहिनींना होत नाही, आपण माघारी जाऊ. ती दुसऱ्याचा जीव पाहते. खोटंही होणार नाही, कारण तुम्ही खरंच दमता."

माझ्या दमण्यावर कोणी इतका भरवसा टाकल्याचं मला आठवत नाही. मी कबूल झाले. मनातून चिडलेही होते. सत्तरी ओलांडलेली बाई समुद्र ओलांडून येते, आणि हा उंचापुरा माणूस तिला दोन वाक्यं सांगू शकत नाही. पण त्यांचा चेहरा बघितला की राग टिकायचा नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं रियामच्या पायथ्याशी उतरलो. समुद्रावर धुकं होतं आणि हवेत गारवा. गजभिये आपल्या धोंड्यावर बसले. त्या दिवशी वाटेनं खूप वेळ झोपावं असं त्यांना फार वाटत असणार. ते समोर बघत होते, नाड्यांना हात लावत नव्हते, लबानचे घोट संपत नव्हते.

"काय करून राह्यला रे?" गयाबाई म्हणाल्या.

"वाट उठू दे, आई."

"उठंल चालता चालता." आणि चपला पिशवीत टाकून त्या अनवाणी चढायला लागल्या.

आयुष्यभर शेतात आणि नंतर बांधकामांवर ओझी वाहिलेले पाय होते ते. पहिल्या वळणावर मी ठरल्याप्रमाणे दगडावर बसकण मारली आणि धापा टाकायला लागले. नाटक करायची गरजच पडली नाही. गजभियांनी तत्परतेनं आपलं वाक्य म्हटलं, "आई, वहिनींना होत नाही, आपण..."

गयाबाई वळल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बस वो बाई तू. थंडी हवा खा. आमी वंदना करून येतो, तुह्या नावानं बी एक मेणबत्ती लावतो." आणि गेल्या. माझ्या दमण्याचा असा काही उपयोग झाला नाही. दोन मिनिटांनी मी उठून त्यांच्या मागे निघाले, कारण खाली बसून राहण्याचा धीर मला नव्हता.

पहिला पट्टा आला. गयाबाई थांबल्या. बोटानं एकेक रंग चाचपला, पिवळा, पांढरा, लाल. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "निळा उडाला, नाही?" पुढच्या प्रत्येक पट्ट्याला त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागे गजभिये तस्सेच थांबत, हात छातीशी नेत. त्यांच्या मागे सतीश, आणि काय झालं कोण जाणे, सतीशनंही मान लववली. मग मीही. ऊन माथ्यावरून खाली यायला लागलं होतं आणि आम्ही त्या उजेडाकडे वर चाललो होतो. अनवाण्या पायांचा आवाज तेवढा होत होता. त्या वेळी मला खरंच वाटून गेलं, की वर काहीतरी असेल. इतकी वर्षं एखादा माणूस इतक्या निष्ठेनं येतो म्हटल्यावर एखादी भिंत, एखादी मूर्ती आपणहून उभी राहिली असेल. स्वप्नात असतं तसं.

खिंड आली. पडकी घरं आली. एका ढासळलेल्या भिंतीवर शेळी उभी होती. खाली एकदम समुद्र उघडला. गयाबाईंनी समुद्र असा कधी पाहिला नव्हता. विमानात त्या डोळे मिटून बसल्या होत्या. पण त्यांनी त्याच्याकडे आत्ता पाहिलं नाही. त्या घरांमधून फिरल्या, एका दाराच्या चौकटीतून आत डोकावल्या, बाहेर आल्या.

"विहार कुठं हाय रे?"

गजभियांच्या हातातली बाटली खाली पडली. उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. खाली वाकूनच बोलले.

"नाही आई. विहार नाही. झेंडाही नाही. ही नुसती वाटेची खूण आहे. मीच चुकलो होतो. आणि मग सांगितलं नाही."

मी सतीशचा दंड घट्ट धरला. गयाबाई भिंतीवर बसल्या. शेळी जरा सरकली. पिशवी मांडीवर घेऊन त्या बोटांनी तिचे बंद चाचपत राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं. चिडल्या तर बरं, असंही वाटलं. त्यांनी पिशवीतून झेंडा काढला.

"चार कोपरे हायत," त्या म्हणाल्या, "अन् आपन चार जन. धरा."

"आई, इथं असं काही लावता येत नाही," सतीश घाबरून म्हणाला. परक्या मुलखात इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला आधी कायदा आठवतो.

"लावत नाही बाप्पा. धरून राह्यलो."

आम्ही धरला. समुद्रावरचा वारा त्याच्या खालून शिरला आणि कापड फुगलं. निळा किती निळा असतो ते मी त्या तपकिरी डोंगरावर पाहिलं. गयाबाईंनी हळू आवाजात वंदना म्हटली, गजभिये शब्दाला शब्द जोडत गेले. वंदना संपली तशी त्यांनी आमच्या हातांतून कोपरे सोडवून घेतले.

"झालं. डोंगरावर झेंडा होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यला. आता बायांले सांगाले खोटं नाही."

आम्ही हसलो. सतीश हसला, मी हसले, गजभियेही डोळे पुसत हसले. इतका सोपा निकाल लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मी डबा उघडायला घेतला, मोठ्या उत्साहानं खुबूस वाटायला लागले. सुटलो एकदाचे, असं मला झालं होतं.

गयाबाई मात्र झेंड्याची घडी घालत होत्या. घडीवर घडी, कडा जुळवून, अगदी सावकाश.

"मंग तवा तुह्यासंग कोन होतं रे?" त्यांनी घडीकडे बघतच विचारलं.

"कोणी नव्हतं, आई."

"सुट्टीच्या दिवशी?"

"इथं यायचो."

"एकटाच?"

गजभियांनी मान डोलावली. तेवढा मोठा माणूस, पण त्या वेळी आईसमोर उभा राहिलेला बघून तो किती एकटा राहिला होता ते मला पहिल्यांदा दिसलं. इतके शुक्रवार मी त्यांच्याबरोबर चालले होते, त्यांच्या वाटांवर हसले होते, पण मला ते दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गयाबाईंची घडी पुरी झाली. ती त्यांनी पिशवीत ठेवली नाही, मुलाच्या हातात दिली, आणि त्याचे हात वरून धरून ठेवले.

"मले सांगाचं होतं तवाच. मी आली असती."

गजभिये रडत होते, त्यातच त्यांना हसू आलं. "कशी आली असती, आई? मधी हे एवढं आहे." त्यांनी हनुवटीनं खाली समुद्राकडे दाखवलं.

गयाबाईंनी तेव्हा कुठे समुद्राकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता, चढायच्या आधी एखादा चढ बघावा तसा सगळा पाहून घेतला.

"आली असती," त्या म्हणाल्या.